पहाटेचा हिसका

तुळशीचे लग्न झाले आणि लग्नसराईला आरंभ झाला, की जालना जिल्ह्यातील रस्ते उजाडण्यापूर्वीच जागे होतात. कोणाला दूरच्या गावचा मुहूर्त गाठायचा असतो, कोणाला छत्रपती संभाजीनगरच्या रुग्णालयात वडिलांच्या तपासणीसाठी वेळेवर पोहोचायचे असते, तर कोणाचा मुलगा सुटी संपवून पुण्याला परत निघालेला असतो. या दिवसांत मराठवाड्याच्या पठारावर पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास येतो. शेजारच्या परभणीत, कृषी विद्यापीठाच्या नोंदींत, तो काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरलेला आहे. अशा पहाटे, ज्या घरात अलीकडे ऑटोमॅटिक गाडी आली आहे, तेथे एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडी सुरू होते, पण निघताना हिसका देते. पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना अडखळते. मागे बसलेल्या आजींचे डोके पुढच्या आसनाकडे झुकते आणि सर्वांच्या मनात एकच शंका येते, की नवी गाडी बिघडली की काय?

या शंकेला घरोघरी दोन उत्तरे मिळतात. पहिले उत्तर असते, ‘थंडी आहे, होतेच असे.’ दुसरे उत्तर एखाद्या गॅरेजमध्ये मिळते, ‘गिअरबॉक्स गेला, खोलावा लागेल.’ पहिल्या उत्तरावर विसंबणाऱ्याचा खरा बिघाड महिनोन्‌महिने वाढत राहतो. दुसऱ्यावर विसंबणाऱ्याचे हजारो रुपये, प्रसंगी लाखाच्या पुढची रक्कम, विनाकारण खर्ची पडू शकते. म्हणून हिसका थंडीचा किती आणि यंत्राचा किती, हे आधी ओळखणे गृहस्थाच्या हिताचे आहे. ही परीक्षा करण्याची सोय जालन्याच्या हवेनेच करून ठेवली आहे. ती कशी, हे पाहण्यापूर्वी हिसका मुळात का बसतो, ते समजून घ्यावे लागेल.

हाताने गिअर बदलण्याच्या गाड्या या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. हिवाळ्यात त्यांचाही गिअर सकाळी जड पडत असे. परंतु तो जडपणा चालकाच्या तळहाताला कळे. जुना चालक क्लच थोडा अधिक वेळ दाबून ठेवी, दांडा सावकाश सरकवी आणि मागे बसलेल्यांना काही जाणवतही नसे. ऑटोमॅटिक गाडीत हे काम यंत्राकडे गेले. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ‘हायड्रा-मॅटिक’ हा पूर्णपणे स्वयंचलित गिअरबॉक्स बाजारात आणला, तेव्हापासून ही सोय जगभर पसरली. भारतात ती दीर्घकाळ महागड्या गाड्यांपुरतीच होती. २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओबरोबर एएमटी हा स्वस्त प्रकार आला आणि ऑटोमॅटिक गाडी मध्यमवर्गीय अंगणात उभी राहिली. सोय झाली, तशी एक जाण मात्र हरपली. पूर्वी जे हाताला कळत होते, ते आता हिसका बसल्यावर पाठीला कळते.

हिशेबाचा पहिला भाग तेलाचा आहे. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. गिअरबॉक्सचे तेल आपल्याकडच्या थंडीत तसे गोठत नाही. पण दाट होते. नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल १०० अंशांवर जेवढे पातळ असते, त्यापेक्षा ४० अंशांवर ते सुमारे पाच पट दाट असते आणि दहा अंशांवर त्याहूनही कितीतरी अधिक. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गिअरबॉक्समध्ये हेच तेल दाबाखाली बारीक वाटांतून धावते, झडपा उघडते आणि आतले क्लच आवळते. तेल दाट असले की दाब तयार होऊन योग्य ठिकाणी पोहोचण्यास उशीर लागतो. क्लच हळुवार आवळण्याऐवजी थोडा थांबून एकदम आवळला जातो. तो उशीर आणि ते एकदम आवळणे, यालाच आपण हिसका म्हणतो.

दुसरा भाग इंजिनाचा आहे. थंड इंजिन सुरू होताच काही काळ मुद्दाम वेगाने फिरते. काट्याकडे पाहिले तर तो हजाराच्या बराच वर दिसतो आणि मग सावकाश खाली येतो. काटा वर असतानाच दांडा ‘डी’वर ओढला, तर वेगाने फिरणारे इंजिन उभ्या चाकांना अकस्मात जोडले जाते आणि धप्प असा धक्का बसतो. त्यातच थंड गाडीचा संगणक वरचा गिअर मुद्दाम उशिरा टाकतो. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून इंजिन लवकर तापावे अशी त्याची रचना असते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाल्यावर या गोष्टीचे महत्त्व अधिकच वाढले. सकाळी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये नेहमीपेक्षा जास्त वेळ गुरगुरते, तो पुष्कळदा बिघाड नसतो. तिला तसे शिकवलेलेच असते.

तिसरा भाग गाडीच्या प्रकाराचा आहे आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. एएमटी म्हणजे मुळात हाताने बदलण्याचाच गिअरबॉक्स. त्यात क्लच दाबण्याचे आणि दांडा सरकवण्याचे काम मोटर किंवा छोटा तेलपंप करतो. प्रत्येक बदलाच्या वेळी चाकांकडे जाणारी शक्ती क्षणभर तुटते, म्हणून थोडी डुलकी उन्हाळ्यातही जाणवते. हिवाळ्यात गिअरबॉक्सचे तेल दाटते, रात्रीच्या दमट हवेने क्लचच्या कोरड्या तबकडीवर ओलाव्याचा पातळ थर बसू शकतो आणि पहिल्या दोनचार वेळा गाडी थरथरत निघते. शिवाय हे सारे विजेवर चालते. बॅटरी थंडीने मंदावली असेल, तर गिअरही मंदावतात. सीव्हीटीची गोष्ट वेगळी आहे. तीत ठरावीक दात असलेले गिअर नसतात. पट्टा दोन कप्प्यांवर सरकतो आणि वेग अखंड बदलतो. म्हणून सीव्हीटी गाडी चालता चालता हिसके देऊ लागली, तर तिला ‘थंडी आहे’ ही सबब लागू पडत नाही. दुहेरी क्लचच्या गाड्या एरवी अतिशय सफाईने गिअर बदलतात; पण गर्दीत रांगत चालताना, विशेषतः क्लच थंड असताना, त्याही किंचित अडखळतात. आपल्या गाडीत यांपैकी कोणता प्रकार आहे, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते आणि निदानाची सुरुवात तेथूनच होते.

आता जालन्याच्या हवेने करून ठेवलेल्या सोयीकडे वळता येईल. कॅनडा किंवा रशियासारख्या देशांत हिवाळ्याचे दिवस आणि रात्री दोन्ही गोठलेल्या असतात, त्यामुळे तेथील गाडीवानाला तुलना करण्यास वसंताची वाट पाहावी लागते. मराठवाड्यात पहाटे दहा अंश असलेला पारा दुपारी अठ्ठावीस-तीसपर्यंत चढतो. एकाच दिवसात दोन ऋतू मिळतात. म्हणून तीन दिवस एक साधी परीक्षा करावी. सकाळी रात्रभर उभी असलेली गाडी काढावी आणि नेहमीच्या रस्त्याने पाच-सहा किलोमीटर चालवून सावलीत उभी करावी. निदान सहा तास तिला हात लावू नये. दुपारी तीनच्या सुमारास तीच गाडी, त्याच रस्त्याने, त्याच माणसाने, त्याच वेगाने पुन्हा चालवावी. दोन्ही वेळी गाडी विसावलेलीच असते. बदललेली असते ती फक्त हवा. हिसका केव्हा बसला, कोणत्या गिअरवर बसला, किती मिनिटांनी थांबला, कोणता दिवा लागला, हे कागदावर टिपून ठेवावे.

या टिपणातून तीनपैकी एक चित्र उभे राहते. पहिल्या चित्रात हिसका फक्त सकाळी असतो, सौम्य असतो आणि दहा-पंधरा मिनिटे गाडी चालल्यावर पूर्ण थांबतो. गेल्या हिवाळ्यातही तो एवढाच होता. हा हिशेब थंडीचा. याला औषध नको, फक्त चालवण्याची रीत हवी. दुसऱ्या चित्रात हिसका सकाळीच असतो आणि नंतर थांबतोही. परंतु तो गेल्या वर्षीपेक्षा वाढलेला असतो, किंवा ‘डी’ अथवा ‘आर’ टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद निमूट उभी राहते आणि मग झेप घेते. ही थंडीने दिलेली सूचना आहे. येत्या आठवड्यात गाडी दाखवावी. तिसऱ्या चित्रात दुपारीही तसाच हिसका बसतो, किंवा गाडी तापल्यावर तो वाढतो, किंवा इंजिन ओरडते पण वेग वाढत नाही, किंवा गिअरचा दिवा लागतो. तेथे थंडी निर्दोष आहे. अशी गाडी लांबच्या प्रवासाला नेऊ नये.

यांपैकी दुसरे चित्र सर्वांत फसवे, कारण दुखणे रोज सकाळी दिसते आणि रोज नाहीसे होते. त्यामागची कारणे समजली म्हणजे फसगत टळते. तेल थंड झाले की आकुंचन पावते आणि तापले की प्रसरते. गिअरबॉक्समध्ये तेल मुळातच कमी असेल, तर सकाळी त्याची पातळी आणखी खाली जाते. पंप तेलाबरोबर हवाही ओढतो आणि दाब तुटक होतो. दहा मिनिटांनी तेल प्रसरते, पातळी वर येते आणि गाडी शहाण्यासारखी चालू लागते. मालकाला वाटते, थंडी सरली. प्रत्यक्षात कोठेतरी थेंब थेंब गळती सुरू असते. तीच गत रबराच्या सीलांची. जुने सील थंडीत कडक होतात, त्यांच्या कडेने दाब निसटतो. ऊब मिळाली की ते मऊ होऊन पुन्हा घट्ट बसतात. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसवलेले असते, ते झिजले तरी सकाळचा धक्का मोठा जाणवतो आणि दोष बिचाऱ्या गिअरबॉक्सच्या माथी येतो. दहा अंशांच्या थंडीत धडधाकट गिअरबॉक्स आजारी पडत नाही. आत दबलेला आजार मात्र बोलू लागतो. अशा गाडीचे दुखणे जानेवारीत ओळखले, तर ते पुष्कळदा थोड्या तेलावर आणि एका सीलवर निभावते. मार्चमध्ये थंडी गेली म्हणून विसरले, तर तेच दुखणे मे महिन्याच्या उन्हात रस्त्यात गाडी उभी करते.

थंडीच्या वाट्याचा जो हिसका आहे, तो चालवण्याच्या रीतीने बराच कमी होतो. गाडी सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबावे. काटा खाली उतरू द्यावा. पंधरा मिनिटे उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवण्याची मात्र गरज नाही. त्याने इंधन जळते, अंगण धुराने भरते आणि गिअरबॉक्स फारसा तापत नाही. तो तापतो चालल्यावरच. ब्रेक पूर्ण दाबून मग ‘डी’ टाकावा, गाडीला क्षणभर सावरू द्यावे आणि नंतर पाय हळूच उचलावा. ‘आर’वरून ‘डी’वर जाताना गाडी पूर्ण थांबलेली असावी. पहिले चार-पाच किलोमीटर ॲक्सिलरेटर हलक्या पायाने दाबावा. एएमटी गाडीत गिअर बदलण्याची वेळ आली असे इंजिनाच्या आवाजावरून कळते. त्या क्षणी पाय किंचित सैल केला, की बदल मऊ होतो. चढावर गाडी ॲक्सिलरेटरच्या जोरावर तोलून धरू नये. त्याने क्लच जळतो. त्यासाठी ब्रेक आहे. इंजिन नुसतेच फिरवून गाडी ‘तापवण्याची’ जुनी सवय तर सोडलेलीच बरी.

पहाटेच्या हिसक्यात खरी जोखीम आहे ती गावाबाहेर. हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी उरलेला भाग खुला होऊन ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वापरात आला. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा असलेल्या या रस्त्यावर जोडरस्त्याने शिरताना काही सेकंदांत वेग वाढवावा लागतो. घर महामार्गाजवळ असेल, तर गाडी तेथे पोहोचते तेव्हा गिअरबॉक्स अजून थंडच असतो. चालक जोरात ॲक्सिलरेटर दाबतो, क्षण-दोन क्षण काहीच घडत नाही आणि मग गाडी एकदम उसळते. मागून ट्रक येत असेल, धुके असेल, तर ते दोन क्षण सर्वस्वाचे ठरू शकतात. म्हणून थंड गाडी घेऊन महामार्गावर शिरताना मागील वाहनांतील अंतर नेहमीपेक्षा जास्त मिळेपर्यंत थांबावे आणि वेग जोडरस्त्यावरच आधीपासून वाढवत न्यावा. शक्य तर घरून दहा मिनिटे आधी निघून ती दहा मिनिटे गावातल्या रस्त्यावरच खर्च करावीत. अंबडहून शहागडकडे किंवा भोकरदनहून सिल्लोडकडे जाणाऱ्यांनीही पहिल्या काही किलोमीटरांत ऊस-कापसाच्या वाहनांना ओलांडण्याची घाई करू नये. ऐन वेळी हवा असलेला खालचा गिअर थंड यंत्र उशिरा देते.

बिघाड मोठा असेल, तर गाडीचा संगणक गिअरबॉक्स वाचवण्यासाठी एकाच मधल्या गिअरवर अडकून राहतो. दिवा लागतो, वेग वाढेनासा होतो. अशा वेळी जिद्दीने पुढे जाण्यात अर्थ नाही. धोक्याचे दिवे लावून गाडी डाव्या कडेला पूर्ण बाहेर घ्यावी, सर्वांनी उतरून कठड्याच्या पलीकडे उभे राहावे आणि मदत मागावी. आपत्कालीन ११२ हा क्रमांक सर्वत्र चालतो. ऑटोमॅटिक गाडी दोरी बांधून ओढत नेण्याचा मोह टाळावा. इंजिन बंद असताना आतला तेलपंपही बंद असतो आणि चाकांबरोबर फिरणारे भाग कोरडेच घासले जातात. काही किलोमीटरांची ओढाताण धड गिअरबॉक्सही निकामी करू शकते. गाडी सपाट वाहनावर चढवूनच न्यावी.

गॅरेजमध्ये गेल्यावर तीन दिवसांचे टिपण पुढे ठेवावे. ‘गाडी झटके मारते’ एवढ्या वाक्यावर कोणताही कारागीर अंदाजच बांधणार, ‘रोज सकाळी, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना, बारा मिनिटे, दुपारी नाही’ या वाक्यावर तो निदान करू शकतो. गिअरबॉक्स खोलण्याचा विषय निघण्यापूर्वी पाच गोष्टी तपासून घेण्याचा आग्रह धरावा. पहिली, तेलाची पातळी. ती अनेक गिअरबॉक्समध्ये तेल ठरावीक उष्णतेला, साधारणतः ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान, असतानाच मोजायची असते. दुसरी, तेलाचा रंग आणि वास. काळपट व करपल्या वासाचे तेल आतल्या क्लचची कहाणी सांगते. तिसरी, संगणकात साठलेले दोषसंकेत. चौथी, बॅटरी, विसावलेल्या पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. पाचवी, इंजिनाचे रबरी आधार. बॅटरी किंवा क्लच बदलल्यावर काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या संगणकाला नव्याने मोजमाप शिकवावे लागते. ते राहून गेल्यानेही हिसके सुरू होतात आणि अर्ध्या तासाच्या कामात थांबतात.

तेलाच्या बाबतीत काटकसर महाग पडते. टॉर्क कन्व्हर्टरचे, सीव्हीटीचे, दुहेरी क्लचचे आणि एएमटीचे तेल निरनिराळे असते. सीव्हीटीत दुसऱ्या प्रकारचे तेल गेले, तर पट्टा घसरून गिअरबॉक्स कायमचा बिघडू शकतो. पुस्तिकेत जे तेल लिहिले आहे तेच, बंद डब्यातले, आपल्यासमोर उघडून घातलेले असावे आणि त्याची पावती जपून ठेवावी. ‘हे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही’ असे कोणी सांगितले, तरी पुस्तिकेतील कठीण वापराचा तक्ता वाचावा. धूळ, उन्हाळ्याची धग, गर्दीतले रांगणे आणि पाच माणसांसह भरलेली डिक्की, हा जालन्यातला रोजचा वापर पुष्कळदा त्याच तक्त्यात बसतो.

घरातील वृद्ध माणूस सकाळी गुडघे आखडले म्हणतो, तेव्हा घरचे दोन गोष्टी पाहतात. चार पावले चालल्यावर मोकळे होते का, आणि गेल्या वर्षीपेक्षा वाढले का? पहिल्याचे उत्तर ‘होय’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर शाल पुरते. एरवी वैद्य गाठावा लागतो. अंगणातल्या गाडीलाही हेच दोन प्रश्न विचारावेत. त्यासाठी यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. तीन दिवस, एक कागद आणि जालन्याची ऊबदार दुपार पुरेशी आहे.